मधल्या खोलीचा भार

आतून सासूबाई दार ओढत होत्या, बाहेरून मीरा ढकलत होती आणि दार दोघींनाही दाद देत नव्हतं.

“आई, तुम्ही बाजूला व्हा. एकदम उघडलं तर लागेल तुम्हाले.”

“मी पलंगावर जाऊन बसली,” आतून कलावतीबाईंचा आवाज आला. “तू आरामात कर. मले कोणती गाडी पकडायची आहे?”

मीरानं पुन्हा खांदा लावला. दार खालून हलत होतं, मधून हलत होतं, वरून मात्र ढिम्म. ऑफिसची पर्स अजून तिच्या खांद्यालाच होती. कलावतीबाई दुपारी दार लोटून झोपल्या, उठल्या आणि त्यांना बाहेर येता येईना. थोरल्या जाऊबाई प्रमोदिनी वरच्या मजल्यावर टीव्हीसमोर. सासूबाईंनी दोन-चार हाका मारल्या आणि मग, कुणाला त्रास नको म्हणून, आतच सुपारी कातरत बसून राहिल्या. मीरा घरी आली नसती तर तशाच जेवणवेळेपर्यंत बसल्या असत्या.

“फोन काहून नाही केला?”

“फोन हॉलमध्ये चार्जिंगले लावून आहे ना. आणि कायचा एवढा गोंधळ! मी काय पळून जाऊन राहिली?”

पळून जाण्याचा प्रश्नच नव्हता. मागच्याच महिन्यात त्यांना चक्कर आली होती आणि न्हाणीघरात पडता पडता वाचल्या होत्या. आज बंद दाराआड तसं काही झालं असतं तर? मीराच्या भीतीचा, तिच्या स्वभावाप्रमाणे, लगेच संताप झाला. तिनं दाराला एक लाथ घातली. दाराला त्याचंही काही वाटलं नाही.

शेवटी कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला बोलावलं. त्यानं फटीतून पटाशी घालून, ठोकून, कसंबसं दार मोकळं केलं आणि बिजागऱ्या काढून भिंतीला टेकवलं. कलावतीबाई पदर सावरत बाहेर आल्या आणि चहा टाकायला स्वयंपाकघरात निघून गेल्या. मिस्त्रीनं पिशवीतून रंधा काढला.

“लकडी फूल गई है दीदी. पानी पकडती है.”

“जनवरी में कौन-सा पानी, भैया?”

मिस्त्रीनं जरा विचार केला. “पुरानी लकडी है,” तो म्हणाला.

मीरानं त्याला थांबवलं. गेल्या तीन वर्षांत याच मिस्त्रीनं या दाराला तीनदा रंधा मारला होता, आणि तोही दर वेळी याच दिवसांत, संक्रांतीच्या आगेमागे. पावसाळ्यात सुखानं उघडमीट करणारं दार नेमकं हिवाळ्यात फुगतं, हे आजवर कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. तिच्याही नाही. स्वतःवरच चरफडत तिनं वर पाहिलं. चौकटीचं वरचं लाकूड मधोमध खाली दबलं होतं. त्यावर विटांचे दोन थर, त्यांच्या गिलाव्याला तडा. आणि त्याच्याही वर, छताच्याच रंगात रंगवलेला, भिंतीपासून भिंतीपर्यंत गेलेला लोखंडी गर्डर.

दार बिचारं जागच्या जागी होतं. वरून गर्डर खाली येत होता.

मीरा गेली वीस वर्षं हेच काम करत होती. पंडरीच्या बाजारपेठेत तिचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. शहरातले बिल्डर, दवाखानेवाले, लग्नाच्या हॉलवाले तिच्याकडे नकाशे घेऊन येत आणि कोणती तुळई किती पेलेल, किती वाकेल, हे ती सांगे. तिच्या सहीशिवाय त्यांचा स्लॅब पडत नसे. तात्यापारा मोहल्ल्यातल्या या घरात मात्र तिच्या मताला पोह्यात मीठ बरोबर आहे का, इतपतच किंमत होती. घरकी मुर्गी दाल बराबर म्हणतात तसं.

तिनं ऑफिसात फोन करून दोन लोखंडी टेकू मागवले आणि गर्डरखाली लावण्याआधी एक दोरा आणला. गर्डरच्या दोन्ही टोकांना, खालच्या अंगाला, तो ताणून बांधला. दोरा सरळ राहतो, गर्डर वाकलेला असतो, म्हणून मधोमध गर्डर दोऱ्याच्याही खाली उतरून त्याला ढकलू लागला. मग टोकांखाली सारख्या जाडीचे दोन ठोकळे घालून तिनं दोरा खाली घेतला आणि पट्टी धरून मधली फट मोजली; ठोकळ्याच्या जाडीपेक्षा ती जितकी कमी, तितका गर्डरचा वाक. पुन्हा मोजली. एकवीस मिलिमीटर. सोळा फुटांच्या गर्डरला त्यानं फार तर सोळा मिलिमीटर वाकावं, असं शास्त्र सांगतं.

रात्रीच्या जेवणाला सगळे जमले तेव्हा हॉलच्या मधोमध दोन टेकू उभे होते आणि थोरले दीर नीलकंठ त्यातल्या एकाला अडखळून आले होते.

“हे काय लावून ठेवलं?” ते म्हणाले. “घराले कुबड्या? पाहुणे काय म्हणतील!”

“गर्डर वाकला आहे, दादा.”

“गर्डर?” नीलकंठ हसले. “बाबांनी भिलाईहून ट्रकवर स्वतः बसून आणलेला गर्डर आहे तो. हत्ती बांधला तरी वाकत नाही.”

“हत्ती सोडून बाकी सगळं बांधलं आहे त्याच्यावर.”

“पहिल्यापासूनच वाकडा असेल,” मीराचा नवरा पुष्कर ताटातून मान वर न काढता म्हणाला. बँकेत अनेक वर्षं काढल्यामुळे प्रत्येक घोटाळा आपल्या आधीच्या साहेबाच्या काळातला असतो, असा त्याचा पक्का समज होता.

“पहिले सरळ होता,” कलावतीबाई वाढता वाढता म्हणाल्या. “बसवला तेव्हा तुमच्या बाबांनी दोरा लावून पाह्यला होता. मिस्त्री वैतागून गेला होता बिचारा.”

मीरानं मनातल्या मनात सासऱ्यांना नमस्कार केला. या घरात निदान एका माणसाला तरी दोऱ्याची किंमत कळत होती.

“आता मले सांगा,” ती म्हणाली, “वरती कोणाचं काय काय ठेवून आहे. खरं सांगा.”

गर्डरच्या बरोबर वर, वरच्या मजल्यावर, तीन जागा येत होत्या. एका टोकाला जिन्याजवळचा पॅसेज. तिथे नीलकंठ यांच्या दुकानाचे कापडाचे गठ्ठे. दुसऱ्या टोकाला मीरा-पुष्करची खोली. आणि मध्ये धाकट्या दिराची, भार्गवची खोली.

“चार-सहा गठ्ठे असतील,” नीलकंठ म्हणाले. “लग्नसराई झाली की जातील. तेवढ्यानं काय फरक पडते?”

पंडरीतली लग्नसराई कधीच संपत नाही, हे मीराला ठाऊक होतं. एक संपायच्या आत दुसरीचा माल येतो.

“आणि तुमचं मासोळ्यांचं टाकं?” तिनं पुष्करला विचारलं.

“ते? ते तर काचेचं आहे.”

“आत पाणी आहे ना?”

“पाणी आहे, पण मासे तर तरंगून राहिले. त्यांचं काय वजन धरतेस?”

मीरानं टाकं पाण्यासकट धरलं. याच माणसाला तिनं बघून, बोलून, विचार करून होकार दिला होता.

“माझी घरघंटी पण आहे बरं,” प्रमोदिनीताई ठसक्यात म्हणाल्या. त्यांची पिठाची गिरणी गर्डरपासून चांगली चार हात लांब होती, पण आपल्याला कुणी विचारलंच नाही असं व्हायला त्यांना नको होतं.

“आणि मधली खोली?”

“ती तर रिकामी आहे,” नीलकंठ, पुष्कर आणि प्रमोदिनीताई एकदमच म्हणाले. एरवी या तिघांचं आमटीच्या तिखटावरही एकमत होत नसे. कलावतीबाई पोळ्या आणायला आत गेल्या.

भार्गवची खोली तो घर सोडून गेल्यापासून बंद होती. नीलकंठबरोबर तो दुकानात बसे. बसे म्हणजे, गिऱ्हाइकाला एक थान दाखवायला सांगितलं तर चौथं दाखवी आणि मधेच मोबाइलचे सुटे भाग उघडून बसे. एकदा भर गर्दीत, गिऱ्हाइकांसमोर, नीलकंठ त्याला म्हणाले होते, “तू असला काय अन् नसला काय, काय फरक पडते?” भार्गव त्याच कपड्यांनिशी स्टेशनवर गेला. आता तो बिलासपूरला होता. मोबाइल दुरुस्तीचं त्याचं दुकान बरं चालतं असं ऐकिवात होतं. बिलासपूर काही सातासमुद्रापार नाही; सकाळी निघालं तर जेवायला परत येता येतं. सात वर्षांत तो आला नव्हता आणि कुणी आणायला गेलं नव्हतं. त्याचा विषय निघाला की नीलकंठ पाणी मागत.

मीराला भार्गवचा राग यायचा, कारण तिचा त्याच्यावर जीव होता. ती लग्न होऊन आली तेव्हा तो पॉलिटेक्निकला होता आणि एकाच पेपरात दोनदा नापास झालेला. तिनं त्याला याच हॉलमध्ये, याच गर्डरकडे बोट दाखवून शिकवलं होतं. तुळईवर दहा भार असले तरी घाबरायचं नाही. एकेक भार घ्यायचा, बाकीचे नाहीतच असं समजायचं, त्या एकट्यानं तुळई किती वाकते ते काढायचं. मग सगळ्यांची बेरीज करायची. भिंतीजवळचा भार कमी वाकवतो, मधोमधचा सगळ्यात जास्त. भार्गव पास झाला होता. पुढे त्यानं त्याचं काहीही केलं नाही, हा भाग वेगळा.

जेवणं झाल्यावर ती कागद घेऊन बसली. गर्डरवरच्या लाद्यांचं आणि गर्डरचं स्वतःचं वजन, गठ्ठे, टाकं, घरघंटी. नीलकंठ यांच्या चार-सहाचे तिनं दुप्पट धरले. एकेक भार घेऊन वाक काढला. घरघंटीचा तर पट्टीवर दिसण्याइतकाही आला नाही. ते प्रमोदिनीताईंना सांगायचं नाही, असं तिनं ठरवलं. प्रत्येक जण आपापल्या जागी खरंच बोलत होता. गठ्ठ्यांनी एकट्यानं काही बिघडत नव्हतं. टाक्यानंही नाही. या घराची अडचण एवढीच होती की सगळे पहिल्या पायरीवर थांबत. बाकीचे नाहीतच, असं समजत. बेरीज करायला कुणी बसत नसे.

तिनं बेरीज केली. बारा.

पट्टी एकवीस म्हणत होती. बाराच असते तर गर्डर मजेत असता, दार उघडलं असतं आणि तिला झोपायला जाता आलं असतं. नऊ मिलिमीटर कुठून आले?

दुसऱ्या दिवशी तिनं आकडेमोड पहिल्यापासून केली. बाराच. मग तिचा संशय माणसांवर गेला. ती ऑफिसला न जाता पंडरीला दिरांच्या दुकानात गेली आणि तिथल्या तराजूवर एक गठ्ठा चढवायला लावला. दुकानातले नोकर बघत राहिले. नीलकंठ यांचा चेहरा उतरला.

“माझ्यावर विश्वास नाही तुझा?”

“तुमच्यावर आहे, दादा. तुमच्या ‘चार-सहा’वर नाही.”

गठ्ठा तिनं धरला होता तेवढ्याच वजनाचा निघाला. पॅसेजमधले गठ्ठेही तिनं मोजले होते. तिच्या अंदाजाइतकेच होते. घरी येऊन तिनं टाक्याची लांबी-रुंदी घेतली, तेव्हा पुष्कर शेजारी उभा राहून मासे घाबरतील म्हणत होता.

“लोखंडच कमजोर असेल,” तो म्हणाला.

“लोखंड बरोबर काम करून राहिलं. ह्या घरात तेच एक खरं बोलून राहिलं.”

ती चिडून हॉलमध्ये आली. आईंची खोली अजून बिनदाराची होती, कलावतीबाईंनी तिथे एक जुनी साडी लावली होती आणि त्या साडीआडून त्या कुणाशी तरी फोनवर बोलत होत्या. मीरा दिसताच त्यांनी फोन ठेवला. मीराचं तिकडे लक्ष नव्हतं. तिनं पुन्हा पट्टी घेतली आणि या वेळी फक्त मधोमध न मोजता हात-हातभर अंतरावर मोजत गेली. गठ्ठे जड होते, तेव्हा गर्डर सगळ्यात जास्त मधोमध नव्हे, थोडा त्या बाजूला वाकायला हवा होता. तसं नव्हतं. तो बरोबर मधोमध सगळ्यात खाली होता. जे काही होतं ते टोकांना नव्हतं.

तिनं कागदावर भार्गवच्या खोलीसमोर लिहिलेलं शून्य पाहिलं. ते तिनंच लिहिलं होतं, न तपासता. दुसऱ्या कुणाच्या कामात तिनं असं कधी केलं नसतं. कुणी कितीही सांगितलं असतं की खोली रिकामी आहे, तरी ती स्वतः दार उघडून पाहून आली असती.

“आई, भार्गवच्या खोलीची किल्ली द्या.”

साडीआड हालचाल थांबली.

“कायले?”

“बघायची आहे.”

“त्यात काय आहे बघायसारखं? रिकामी आहे. धूळ आहे नुसती.” मग जरा वेळानं, “मी हॉलमध्ये झोपत जाते ना. मले काय, कुठंही झोप येते. दार लावूच नका मग. सगळा प्रश्नच मिटला.”

“आई.”

“तुले ऑफिस नाही का आज?”

“आई, किल्ली.”

कलावतीबाई बाहेर आल्या. मीराकडे न बघता त्यांनी कमरेची किल्ली सोडली. ती कपाटाच्या, देवघराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात नव्हती, वेगळी होती. मीरा जिना चढू लागली तशा त्याही मागून, कठड्याला धरून, एकेक पायरी चढत आल्या. “जपून उघड,” त्या म्हणाल्या.

कुलूप तेल दिलेलं होतं. चटकन उघडलं. दार उघडताच धानाचा आणि वाळल्या कडुलिंबाचा वास अंगावर आला.

खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध भार्गवचा जुना पलंग होता आणि पलंगाच्या दोन्ही बाजूंना, पलंगावर, पलंगाखाली, थेट खिडकीच्या गजांपर्यंत धानाचे कट्टे, पोत्यांवर पोती, रचलेले होते. तळातले मळकट, वरचे नवेकोरे. सगळ्यात वरच्या रांगेतल्या, या वर्षीच्या कट्ट्यांच्या सुतळीचा पिवळेपणा अजून गेला नव्हता. कट्ट्यांच्या फटींतून पाला खोचलेला. भिंतीवर भार्गवचं पॉलिटेक्निकच्या निरोप समारंभातलं छायाचित्र होतं. तेवढं मात्र कुणी झाकू दिलं नव्हतं.

अभनपूरकडे घराची थोडी भातशेती होती, हिरालाल नावाचा माणूस ती बटईनं, अर्ध्या वाट्यानं, करायचा. दर पौषात तो धान घेऊन यायचा, दुपारी, सगळे आपापल्या कामाला गेलेले असताना. तो व्यवहार कलावतीबाईंच्या हातात होता आणि त्यात लक्ष घालायला कुणाला वेळ नव्हता. मीराला एवढंच आठवत होतं की भार्गव गेल्यापासून दर वर्षी त्या सांगायच्या, औंदा पीक कमी आलं. आणि दर वर्षी नीलकंठ ताटावरून म्हणायचे, हिरालाल चोर आहे.

“आई,” मीरा म्हणाली, “हे सगळं...”

“त्याच्या वाटणीचं आहे.” कलावतीबाई दारातच उभ्या होत्या. “तीन वाटे होतात ना. दोन तुम्ही खाता. हा त्याचा.”

“मग विकून पैसे ठेवायचे होते त्याच्या नावानं!”

“पैसे काय, कोणी कामाले मागते, देऊन देतो आपण. पैसा घरात टिकते का?” त्यांनी सगळ्यात जवळच्या कट्ट्यावर हात ठेवला. “धान टिकते. येईल तेव्हा त्याले दाखवता येईल, का बाबा, हे पाह्य, तुझा वाटा कोणी खाल्ला नाही.”

“सात वर्ष हिरालालले चोर म्हणवलं तुम्ही!”

“त्याले माहीत आहे ना,” कलावतीबाई म्हणाल्या. “तोच तर चढवून देते वरती. हसते तो. मघाशी फोनवर तोच होता.”

 मीराला ओरडायचं होतं. या बाईच्या डोक्यावर, ती झोपते त्या खोलीच्या तोंडाशी, तिनं स्वतःच वर्षानुवर्षं हा डोंगर रचत आणला होता. त्याच डोंगरानं काल तिला आत कोंडलं होतं. आणि ती सुपारी कातरत गप्प बसली होती, कारण दार का अडतं हे या घरात एकट्या तिलाच माहीत होतं.

“तुम्हाले कळलं होतं ना,” मीरा म्हणाली. “दार काहून अडते ते.”

“धान आलं का अडते, एवढं दिसते ना मले.” कलावतीबाईंनी पदरानं कट्ट्यावरची नसलेली धूळ पुसली. “मिस्त्री रंधा मारते, मग उघडते. मी म्हटलं, होते तोवर होऊ द्यावं.”

“एक दिवस छत येईल खाली!”

“तू आहेस ना पाहाले.”

 मीरा तिथेच एका कट्ट्यावर बसली. बसल्या बसल्या तिच्या डोक्यात आपोआप आकडेमोड सुरू झाली. किती कट्टे, एकेकाचं वजन काय, किती जागा व्यापलेली. कागदाची गरज पडली नाही. साडेआठ-नऊच्या आसपास येत होतं.

“नीलकंठले सांगू नको,” सासूबाई म्हणाल्या. “तो उद्याच्या उद्या मॅटाडोर बोलवेल. सगळं मंडीत.” आणि मग, पहिल्यांदाच जरा घाबरून, “कोपऱ्यात सरकवलं तर नाही चालणार का, बाई? भिंतीच्या जवळ? तू भार्गवले सांगत होती ना तेव्हा, भिंतीजवळ भार कमी लागते म्हणून. मी ऐकलं होतं.”

मीरानं मान वर केली. स्वयंपाकघरातून ऐकलेलं तेवढं एक वाक्य या बाईनं इतकी वर्षं सांभाळून ठेवलं होतं. पण ही खोलीच मधोमध होती. तिच्या कुठल्याही कोपऱ्यात नेलं तरी गर्डरला ते मधोमधच राहणार होतं.

“नाही चालणार, आई,” ती म्हणाली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा आवाज खूपच हळू आला.

 कलावतीबाईंनी कट्ट्यावरून हात काढून घेतला आणि जिन्याकडे वळल्या. उतरताना प्रत्येक पायरीवर थांबत होत्या. त्यांच्या पाठीकडे बघताना मीराचे डोळे भरून आले आणि लगेच तिला सगळ्यांचाच पुन्हा संताप आला. वीस शब्द बोलायच्या ऐवजी सात वर्षं पाणी मागणाऱ्या दिरांचा, माशांचं वजन नसतं म्हणणाऱ्या नवऱ्याचा, आणि सगळ्यात जास्त त्या बिलासपूरच्या पोट्ट्याचा.

ती खाली हॉलमध्ये आली, टेकूला टेकून उभी राहिली आणि भार्गवला फोन लावला. दिवाळीला ती एक निरोप टाकायची, तो हात जोडलेलं चित्र पाठवायचा. आवाज ऐकून फार दिवस झाले होते.

“वहिनी?” मागे कुठेतरी दुकानातली गडबड ऐकू येत होती. “सगळं ठीक आहे ना? आई...”

“आई ठीक आहे. काल दुपारभर खोलीत अडकून पडली होती, बाकी ठीक आहे. तुझं सामान पडलं आहे घरी. घेऊन जा.”

“माझं? माझं कोणतं सामान? मी तर अंगावरच्या कपड्यांनी आलो होतो.”

“धान.”

“कोणतं धान?”

मीरानं सांगितलं. सांगताना ती मधे थांबली नाही आणि त्याला थांबवू दिलं नाही. पीक कमी येतं ते, हिरालाल चोर आहे ते, दर संक्रांतीला मिस्त्री येतो ते. पलंगाखालचे कट्टे, खिडकीपर्यंतचे कट्टे, कडुलिंबाचा पाला. वेगळी किल्ली. सांगून झालं तेव्हा तिला धाप लागली होती. साडीआड, खोलीत, सुपारी कातरल्याचा आवाज येत नव्हता.

तिकडे कुणी गिऱ्हाईक काही विचारत होतं; भार्गवनं त्याला उद्या यायला सांगितलं.

“विकून टाका, वहिनी,” मग तो म्हणाला. त्यानं आवाज कोरडा ठेवला होता, पण तो ठेवायला त्याला कष्ट पडत होते. “दादाले देऊन टाका. मी आलो काय अन् नाही आलो काय, त्या घराले काय फरक पडते?”

सात वर्षं त्यानंही ते वाक्य सांभाळून ठेवलं होतं. मीरानं वर पाहिलं. दोरा अजून तसाच ताणलेला होता आणि त्याच्या मधोमध पट्टी टाचणीनं अडकवलेली होती.

“नऊ मिलिमीटर,” ती म्हणाली.

“काय?”

“बाकी सगळ्यांचे मिळून बारा. तुझ्या एकट्याच्या खोलीचे नऊ. बाबांच्या गर्डरले. मी काल मोजले, आज पुन्हा मोजले.”

फोनवर दुकानाचा आवाज एकदम बंद झाला. बहुधा तो बाहेर रस्त्यावर आला होता, किंवा त्यानं शटर ओढलं होतं.  मग एकदा त्यानं नाक ओढलं.

“मधोमध?” त्यानं विचारलं.

“हव,” मीरा म्हणाली. “मधोमध.”